खंदकातले पाणी आणि आपली आत्मविस्मृती

परदेशप्रवास आता मध्यमवर्गीय कुटुंबांना दुर्मीळ राहिलेला नाही. मुलगा किंवा मुलगी लंडनला असते, आईवडील उन्हाळ्यात दोन महिने जाऊन येतात आणि परतल्यावर आप्तेष्टांना छायाचित्रे दाखवतात. त्यांत ससेक्समधील बोडियमचा किल्ला अनेकदा असतो. चौरस तट, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज आणि चहूकडे पाण्याने भरलेला रुंद खंदक! त्यापाठोपाठ ठरलेले वाक्य येते, ‘‘नाहीतर आपले किल्ले!’’ या ‘नाहीतर’मागची मनोवृत्ती एकदा तपासून पाहिली पाहिजे.

बोडियमचा इतिहास काय सांगतो? सन १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने सर एडवर्ड डॅलिंग्रिज या सरदाराला तटबंदीचा परवाना दिला. फ्रेंचांनी १३७७ मध्ये राय हे बंदर जाळले होते आणि १३८० मध्ये विंचेल्सीवर हल्ला केला होता. त्यांना रोखणे हा या परवान्यामागचा घोषित हेतू. हा डॅलिंग्रिज कोण? फ्रान्समधील दीर्घ युद्धात लूटमार करणाऱ्या टोळ्यांबरोबर लढून आलेला आणि लग्नामुळे बोडियमची जहागीर मिळालेला गृहस्थ.

त्याने बांधलेल्या किल्ल्याची रचना देखणी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आत बालेकिल्ला नाही. राहण्याची दालने, पाकशाळा आणि प्रार्थनामंदिर तटाला लागूनच, मधल्या चौकाभोवती उभी आहेत. मूळ लाकडी पूल समोरून सरळ येत नव्हता. तो पश्चिम काठावरून निघून खंदकातील अष्टकोनी बेटावर येई आणि तेथे काटकोनात वळून उत्तरेच्या महाद्वाराकडे जाई. पुलावरून येणाऱ्या शत्रूची बाजू त्यामुळे तटावरील तिरंदाजांसमोर उघडी पडे. महाद्वारावर खाली दगड टाकण्यासाठी भोके आहेत आणि हातातोफांसाठी जंग्या आहेत.

पण हा देखावा युद्धाच्या कसोटीला कितपत उतरला असता, याविषयी इंग्लंडमधील अभ्यासकांतच वाद आहे. खंदकाचा बांध फोडून पाणी वाहून जाऊ देणे शत्रूला फारसे अवघड नव्हते. तटातील अठ्ठावीस शौचकूप याच खंदकात उतरत. ज्या जळाच्या आरशावर आपले प्रवासी लुब्ध होतात, ते त्या काळी उघडे गटार होते! आणि ज्या फ्रेंच आक्रमणासाठी किल्ला बांधला, ते तेथे कधी आलेच नाही. सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजपक्षाच्या मालकाला दंड भरण्यासाठी किल्ला विकावा लागला आणि आतील वास्तू पाडून टाकण्यात आली. पुढे तो इतका उपेक्षित झाला, की १८२९ मध्ये दगडांसाठी त्याची मोडतोड होण्याची वेळ आली. जॉन फुलर नावाच्या धनिकाने तो विकत घेतला म्हणून वाचला. म्हणजे वारसा जपणे हा काही इंग्रजी रक्ताचा जन्मजात गुण नव्हे. तेही एके काळी आपल्यासारखेच बेपर्वा होते.

आता कथेत एक परिचित नाव येते, ते म्हणजे लॉर्ड कर्झन. वंगभंग करणारा हाच तो व्हाइसरॉय. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने बोडियम विकत घेतला. १९१९ मध्ये खंदक रिकामा करून गाळ उपसला, ढासळते तट सावरले आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राने किल्ला ‘नॅशनल ट्रस्ट’च्या स्वाधीन केला. त्याआधी १९११ मध्ये त्याने लिंकनशरमधील टॅटरशॉलचा खंदकवेष्टित किल्लाही वाचवला होता.

येथे आपल्याकडील आंग्लभक्त सरसावून म्हणतात, ‘‘बघा, वारसा जपायला आम्हाला इंग्रजांनीच शिकवले! १९०४चा प्राचीन स्मारक कायदा कर्झननेच केला ना?’’ केला, हे सत्य आहे आणि सत्य मान्य करण्यात कमीपणा नाही. पण सत्य अर्धवट सांगू नये. इंग्लंडमध्ये मालकाच्या इच्छेविरुद्धही स्मारक वाचवू शकणारा कायदा १९१३ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनंतर आला. शिवाय १८१८ नंतर मराठ्यांच्या किती किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, हे त्यांच्या गौरवगाथेत कोणी सांगते काय?

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ‘नॅशनल ट्रस्ट’ ही सरकारी संस्था नव्हे. एक समाजसेविका, एक वकील आणि एक धर्मोपदेशक यांनी ती १८९५ मध्ये स्थापन केली. नेमक्या त्याच वर्षी पुण्यात लोकमान्य टिळकांनी रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकवर्गणीची चळवळ उभी केली. समाजाने स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने वारसा सांभाळावा, हा विचार आम्हाला कोणाकडून उसना घ्यावा लागला नव्हता. तो आमच्याच घरात होता. फरक इतकाच की, त्यांच्या संस्थेचे आज पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत आणि आम्ही लोकमान्यांची वर्गणी विसरून निवेदने लिहीत बसलो.

या विस्मृतीची किंमत पाहायची असेल तर चाकणला जावे. तेथील संग्रामदुर्ग हाही खंदक असलेला भुईकोटच. सन १६६० मध्ये शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. तरी किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर शिबंदीनिशी जवळपास दोन महिने लढला. भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हाच खानाला वाट मिळाली. ज्या बोडियमने कधी मोठा संग्राम पाहिला नाही, त्याच्या पाण्यात कमळे फुलतात आणि जेथे पराक्रमाची शर्थ झाली, त्या खंदकाच्या खुणा वस्तीत शोधाव्या लागतात! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकालीन बारा दुर्गांना जागतिक वारशात स्थान दिले, ही अभिमानाचीच गोष्ट. पण यादीबाहेरचे भुईकोट कोणाचे?

दोष केवळ शासनाचा नाही. गडावर जयजयकार करून तटावर स्वतःचे नाव कोरणारा तरुण आपल्याच घरातला असतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली जुन्या चुन्यावर सिमेंट थापणारा ठेकेदार आणि त्याला हार घालणारा पुढारीही आपलाच असतो. बोडियमच्या दुरुस्तीत खोटी दालने उभारली नाहीत. जे उरले ते पडू नये, याकडे पाहिले. ही संयमाची शिस्त मात्र जरूर घ्यावी. गुण कोणाचाही असो, घेण्यात लाज नाही.

म्हणून पुढच्या वेळी बोडियमचे छायाचित्र पाहाल तेव्हा ‘नाहीतर आपले किल्ले’ म्हणून सुस्कारा सोडू नका. आपल्या गावाजवळचा भुईकोट कोणता, त्याचा खंदक कोठून कोठे जात होता आणि त्यात आज कोणाचा कचरा पडतो, याची चौकशी करा. मुलांना घेऊन तेथे जा. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन दहा कुटुंबांनी महिन्यातील एक रविवार त्यासाठी दिला, तर १८९५चे अर्धवट राहिलेले काम पुढे जाईल.