सर्वांत कमी दराचा कबुलीजबाब

सिक्युरिटी एजन्सीचं सर्वांत स्वस्त कोटेशन हा सही-शिक्क्यानिशी दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब असतो. आपण सोसायटीवाले तो वाचतो, मान डोलावतो आणि त्यालाच काम देतो. वर वार्षिक सभेत टाळ्याही घेतो, यंदाही मेंटेनन्स वाढू दिला नाही म्हणून.

मी पुण्यातल्या एका सोसायटीचा सचिव आहे. कोटेशनं माझ्यासमोर उघडतात, बिलांवर माझी सही असते. तेव्हा हिशेब मांडायचा हक्क मला आहे.

आपल्याकडे वॉचमन बारा तासांचा असतो. आठ तासांचा म्हणे परवडत नाही. आठवड्याचे सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास. कायद्याने आठवडा ४८ तासांचा. वरचे २४ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. म्हणजे त्या माणसाला ९६ तासांचा पगार मिळायला हवा. थोडक्यात, बारा तासांचा माणूस आठ तासांच्या माणसाच्या दुप्पट महाग पडला पाहिजे. त्यावर मालकाच्या हिश्शाचा १२ टक्के पीएफ, ३.२५ टक्के ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचा रिलिव्हर, गणवेश, एजन्सीचा नफा आणि सगळ्याच्या डोक्यावर १८ टक्के जीएसटी. हे सारं जोडून जो आकडा येतो, त्याच्या जवळपास निम्म्यात आमच्या टेबलावर कोटेशन येतं. उरलेले पैसे एजन्सीचा मालक खिशातून घालतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल वाटून घ्यावं.

ते पैसे गेटवरच्या माणसाच्या ताटातून येतात. मस्टर दोन असतात. एक आठ तासांचं, सरकारला दाखवायला. दुसरं बारा तासांचं, आमच्या केबिनमधल्या खिळ्याला टांगलेलं. पीएफच्या चलनात वीस नावं असतात आणि पॉइंटवर चाळीस माणसं. पहिल्या पगारातून गणवेशाचे पैसे कापतात, सुट्टी घेतली तर खाडा लावतात, आणि रिलिव्हर आला नाही की त्याच माणसाला 'काका, आजची रात्र काढा' म्हणून डबल ड्युटी लावतात. चोवीस तास जागा असलेला साठीचा माणूस पहाटे चार वाजता प्लास्टिकच्या खुर्चीत पेंगताना सापडला, की आमचा एखादा सभासद त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. खाली संतापाचे अंगठे पडतात.

कायदा नाही अशातला भाग नाही. खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम २००५ साली झाला आणि मार्च २००६ पासून लागूही झाला. त्याखालच्या परवान्याला धंद्यात 'पसारा लायसन्स' म्हणतात. हे लायसन्स पाच वर्षांचं असतं. ते कार्यालयात दर्शनी भागी लावायचं असतं, आणि मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. मागच्या वेळी आमच्याकडे आलेल्या फील्ड ऑफिसरला मी लायसन्स मागितलं.

"आहे ना साहेब, व्हॉट्सअ‍ॅप करतो."

केलं. ते ठाणे जिल्ह्यापुरतं होतं आणि मुदत आदल्या वर्षीच संपली होती.

"रिन्यूअलला टाकलंय साहेब. आणि ठाणे काय, पुणे काय, महाराष्ट्रच आहे की!"

माणसाचा भूगोल पक्का होता. कायद्याचा मात्र वेगळा आहे. परवाना एका जिल्ह्याचा असेल तर शुल्क ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि अख्ख्या राज्याचा हवा असेल तर २५,०००. आता दंड बघा. परवान्याविना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे राज्यभराचा परवाना काढायला जेवढे पैसे, जास्तीत जास्त तेवढाच दंड तो न काढल्याबद्दल! रेल्वेसुद्धा विनातिकीट प्रवाशाकडून तिकिटाच्या वर काही घेते. कैद कायद्यात लिहिली आहे खरी, पण त्या 'किंवा'च्या आडोशाला किती एजन्स्या निवांत बसल्या आहेत ते कुठल्याही औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारली की कळतं.

प्रशिक्षणाचं तर विचारूच नका. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर शिकवायचं असतं, तेही किमान वीस कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत आहे, पण प्रशिक्षण त्यांनाही चुकत नाही. अभ्यासक्रमात आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्र तपासणं, स्फोटक वस्तू ओळखणं, स्वसंरक्षणाचा हक्क, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवण्याची पद्धत, असं बरंच काही आहे. नियम लिहिणाऱ्याने शिट्टी डाव्या खिशात असावी आणि बुटांना नाडी असावी इथपर्यंत काळजी घेतली आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला गावाकडच्या एसटीतून उतरलेला पोरगा सातला आमच्या गेटवर उभा असतो. शर्ट आधीच्या माणसाचा, टोपी त्याच्याही आधीच्याची. पायात चप्पल. लिफ्टच्या जवळ टांगलेलं अग्निशामक नळकांडं कसं वापरायचं हे त्याला ठाऊक नाही. ते मलाही ठाऊक नाही, पण मी त्याचे पैसे घेत नाही.

उलट नको तिथे मात्र थाट पुरेपूर. खांद्यावर फिती, छातीवर पट्ट्या, डोक्यावर बेरे कॅप, बिल्ल्यावर 'कमांडो'. लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घालणं हा याच कायद्याने गुन्हा आहे आणि रक्षकाबरोबर मालकही त्यात अडकतो. पण मॉलवाल्यांना आणि बिल्डरांना तोच थाट हवा असतो. हा 'कमांडो' मग घरकाम करणाऱ्या बायकांच्या पिशव्या गेटवर उलट्यापालट्या करतो. झडती घ्यायचा अधिकार त्याला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. अधिकार नसलेलं काम आम्ही ठराव करून त्याच्या गळ्यात घातलेलं असतं.

रक्षकाच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची खात्री करूनच त्याला कामावर घ्यायचं, ही जबाबदारी एजन्सीची आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वडाळ्याच्या एका इमारतीत तरुण वकील महिलेचा खून झाला, आणि खुनी निघाला त्याच इमारतीचा रखवालदार. २०१४ साली त्याला जन्मठेप झाली. त्या खुनानंतर महिनाभर मुंबई-पुण्यातल्या सोसायट्या पोलीस पडताळणीचे अर्ज भरत होत्या. कायद्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. आमच्या फायलीत आजही पडताळणीच्या नावाखाली आधार कार्डाची झेरॉक्स आहे, आणि ती ज्याची आहे तो माणूस कधीच सोडून गेलाय.

मला सर्वांत जास्त चीड येते ती एका गोष्टीची. याच अधिनियमात परवाना रद्द करण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात कामगार कायद्यांचा भंग हे एक कारण आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार हे कायदे अनुसूचीत नावानिशी लिहिलेत. त्यातले बरेच आता श्रम संहितांच्या पोटात गेले. देणं काही कुठे गेलं नाही. म्हणजे पगार बुडवणं हा एजन्सी आणि कामगार यांच्यातला खासगी मामला उरत नाही, तो थेट परवान्याच्या मुळावर येतो. हे हत्यार गृह विभागाच्या हातात आहे. पण गृह खातं म्हणतं पगार हा कामगार खात्याचा विषय, आणि कामगार खातं म्हणतं परवाना गृह खात्याचा. मधल्या मोकळ्या जागेत धंदा झकास चालतो.

आणि महाराष्ट्राने तर हे सगळं देशाच्या चोवीस वर्षं आधी ओळखलं होतं. १९८१ सालीच इथे खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा झाला, सुरक्षा रक्षक मंडळं आली. रक्षकाची नोंदणी मंडळात, आस्थापनेची नोंदणी मंडळात, पगार मंडळामार्फत. मधला दलाल गाळायचा, इतका साधा विचार. त्यातून सूट हवी असेल तर तुमच्या रक्षकांना मंडळाच्या योजनेपेक्षा एकंदरीत कमी लाभ मिळत नाहीत हे दाखवावं लागतं. माथाडी कायद्याच्या राज्याला शोभेल अशी ही कल्पना होती. आज कारखानदार मंडळाचा माणूस नको म्हणतात. का, तर तो महाग पडतो आणि उलट बोलतो. महाग पडतो, कारण त्याला पूर्ण पगार मिळतो. उलट बोलतो, कारण उद्या काढून टाकायची भीती त्याला कमी असते.

कारखाने आणि कार्यालयांना निदान कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदींचा धाक आहे; कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाला भरावा लागतो. आम्ही सोसायटीवाले मात्र 'आमचा करार एजन्सीशी' म्हणत हात झटकून मोकळे. करारात आम्ही काय काय लिहून घेतो! चोरी झाली तर भरपाई बिलातून वळती. वॉचमन झोपलेला आढळला तर दंड. गैरहजेरीला दुप्पट कपात. रक्षकाचा पगार कोणत्या तारखेला व्हावा, हे कलम मात्र त्यात नसतं.

यंदा मी कमिटीपुढे दोन अटी ठेवल्या. परवान्याची मूळ प्रत पाहिल्याशिवाय लिफाफा उघडायचा नाही, आणि गेटवरच्या प्रत्येक माणसाचं नाव पीएफच्या चलनात दाखवल्याशिवाय महिन्याचं बिल पास करायचं नाही. खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला.

"सचिवसाहेब, अशा अटी घातल्या तर एकही एजन्सी यायची नाही."

म्हणजे सगळ्या एजन्स्या चोर आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा आग्रह एवढाच, की त्यातली स्वस्तातली निवडावी.