अळंबी की शिंगाडा? आधी ताट कोणाचे ते बघा

आहारतक्त्यात १०० ग्रॅम बटन अळंबीपुढे साधारण २२ कॅलरी लिहिलेल्या असतात आणि तेवढ्याच ओल्या शिंगाड्यापुढे ११५ च्या आसपास. बहुतेकांचा निकाल इथेच लागतो. वजन उतरवायचे तर अळंबी, शिंगाडा उपवासापुरता. हा निकाल सपशेल चुकीचा नाही, पण घाईचा आहे.

अळंबीपासून सुरुवात करू, कारण सध्या कौतुक तिचेच जास्त आहे. १०० ग्रॅम ताज्या अळंबीत सुमारे ९२ ग्रॅम नुसते पाणी असते. उरलेल्या ऐवजात प्रथिने तीन ग्रॅमच्या आसपास. कोरड्या वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही वर जाते आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा मोठ्या अक्षरात छापला जातो. आकडा खोटा नाही. पण वाळलेली बटन अळंबी वाटी भरभरून खातो कोण? आपल्या घरी २०० ग्रॅमचे पाकीट येते, म्हणजे सहा ग्रॅम प्रथिने. चौघांच्या रश्श्यात ती माणशी दीड ग्रॅम पडतात. वाटीभर घट्ट वरण याच्या कितीतरी पुढे आहे. ‘शाकाहाऱ्यांचे मटण’ ही अळंबीची ख्याती चवीपुरती खरी. तिच्यातल्या ग्लुटामेटमुळे रश्श्याला तो भरदारपणा येतो. प्रथिनांसाठी मात्र डाळ-उसळीला रजा देऊ नये.

मग अळंबी खायची कशासाठी? रायबोफ्लेविन आणि नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वे, तांबे, सेलेनियम आणि जवळजवळ नगण्य कॅलरी यांसाठी. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व ड. अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्याचे ड-२ होते. बंद खोलीत वाढलेल्या अळंबीत ते नावालाच असते, पण चिरलेले काप भर दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटे ते तासभर पसरून ठेवले तर कैक पटींनी वाढते. एवढे सोपे काम आपल्याकडच्या पाककृतींत क्वचितच सांगितलेले दिसते. ब-१२ साठी मात्र अळंबीच्या भरवशावर राहू नये. ते तिच्यात असलेच तर नखभर.

आता शिंगाडा. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, तो लावतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम मुख्यतः ढिवर समाजाकडे आहे. पावसाळा सरला की छातीभर पाण्यात उतरून किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून एकेक वेल उलटा करायचा आणि खालची फळे खुडायची. फळाची दोन टोके बोटांत घुसतात, हात दिवसभर ओले. उकडलेला काळपट शिंगाडा बाजारात मापाने मिळतो तेव्हा त्यामागचे हे कष्ट दिसत नाहीत.

ओल्या शिंगाड्यात २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि चार-पाच ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ताज्या वजनाला ताजे वजन लावले तर प्रथिनांत तो अळंबीच्या पुढे आहे. कॅलरीमागे हिशेब केला तर बाजी उलटते. पोटॅशियम दोन्हींत असले तरी शिंगाड्यात अधिक. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावे.

मुळात शिंगाड्याची स्पर्धा अळंबीशी नाहीच, साबुदाण्याशी आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात प्रथिने औषधालाही नाहीत. शिंगाड्याच्या पिठात ती १०० ग्रॅममागे आठ-दहा ग्रॅमपर्यंत, कधी त्याहून जास्त मिळतात. पिठात ग्लुटेन नसल्याने गहू न सोसणाऱ्यांचीही सोय होते. घोटाळा आपण करतो तो पुढे. त्याच पिठाचा तुपात परतून, साखर ओतून शिरा करायचा आणि वर म्हणायचे, उपवास हलका झाला. मधुमेह्याने पिठाच्या शिऱ्यापेक्षा उकडलेला शिंगाडा मोजून खाल्लेला बरा, आणि तोही पोळी-भाताच्या जागी, त्यांच्या जोडीला नाही.

मोबाइलवर कॅलरी मोजणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. चायनीज हॉटेलात भाजीत ज्या पांढऱ्या कुरकुरीत चकत्या येतात, तो आपला शिंगाडा नव्हे. ती लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतीची जमिनीतली गाठ. तिच्यात प्रथिने दीड ग्रॅमही नसतात, आणि परदेशी तक्त्यांत बहुधा तिचेच आकडे दिलेले असतात. ते शिंगाड्याला लावले की हिशेब फसलाच.

धोक्यांचा विचार केला तर पारडे साफ एका बाजूला झुकते. पावसाळ्यात रानातली अळंबी ओळख नसताना खाणे जिवावर बेतू शकते. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा-बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर ते यकृतापर्यंत पोहोचलेले असते. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळा पडतो का, या परीक्षा कुचकामी आहेत. शिंगाड्याचा धोका त्या मानाने किरकोळ. तळ्यातला कच्चा शिंगाडा दातांनी सोलू नये, कारण सालीला चिकटून आतड्यातल्या चपट्या कृमीची पुटी पोटात जाऊ शकते. उकडला की प्रश्न मिटला.

आमचे मत विचाराल तर बैठे काम, वाढलेले वजन किंवा रक्तातली साखर असलेल्या घरात आठवड्याला एक-दोनदा अळंबी यावी, ती भाजी म्हणून. अंगमेहनतीच्या, वाढत्या वयाच्या किंवा खंगलेल्या माणसाला तिने काय होणार? त्याला शिंगाड्यासारखे पोटभरीचेच हवे. दोन्हींना औषध म्हणून विकणाऱ्यांकडे सरळ पाठ फिरवावी. कार्तिकीला ओला शिंगाडा बाजारात असतोच. या वेळी साबुदाण्याची खिचडी अर्धी करून बाकीची भूक त्यावर भागवून पाहा. आणि अळंबीचे पाकीट फोडाल तेव्हा काप कढईत टाकण्याआधी गच्चीवर ऊन दाखवायला विसरू नका.