मानसशास्त्रज्ञ कशाला हवा?

मन मोकळं करायला मित्र आहेत, चार समजुतीच्या गोष्टी सांगायला घरात वडीलधारी आहेत. मग पैसे मोजून परक्या माणसापुढे जाऊन बसायचं कशाला? मानसशास्त्रज्ञांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन आक्षेप येतात. बोलून कुठे आजार बरा होतो का? चाचण्या केल्या की मुलावर कायमचा शिक्का बसतो त्याचं काय? आणि हे सगळं पाश्चात्त्य, पैसेवाल्यांचं खूळ नाही का? असे प्रश्न विचारणाऱ्यांत मुलांवर जीव टाकणारे आईबाप आहेत, तळमळीचे शिक्षक आहेत. त्यामुळे त्यांना मागासलेलं म्हणून भागणार नाही, उत्तरंच द्यावी लागतील. माझं म्हणणं आधीच मांडतो. मानसशास्त्रज्ञाचं काम शिकून येतं, ते ठरावीक पद्धतीने चालतं आणि त्याचा पडताळा घेता येतो. असं काम फक्त ऐपतदारांच्या वाट्याला यावं हे बरोबर नाही. ते शाळेत आणि सरकारी दवाखान्यात मिळालं पाहिजे.

पहिला आक्षेप घरच्या आधाराचा. या आधाराचं मोल कुणीही नाकारू नये. पण घरातला माणूस कितीही मायेचा असला तरी तो त्या घरातल्या ताणाचा भागीदार असतो. दहावीतल्या मुलीला वडिलांच्या अपेक्षांचंच ओझं झालं असेल, तर ती ते वडिलांना कशी सांगणार? नात्यातल्याच कुणी अंगचटीला येत असेल, तर ते आजीच्या कानावर घालायला किती मुली धजावतील? इथे बाहेरचा, गोपनीयतेने बांधलेला माणूसच लागतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद करावा लागतो, आणि चांगला मानसशास्त्रज्ञ तो अपवाद पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

‘पूर्वी कुठे होतं हे?’ असंही म्हणतात. पूर्वीही हे होतंच. फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नाही. विहीर जवळ करणाऱ्या सुना होत्या, बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेलेली पोरं होती, ‘ढ’ ठरवून चौथीतच शाळेतून काढून गुरांमागे धाडलेली मुलं होती. आता निदान काही गोष्टी मोजल्या जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. या मुलांनाही घरं होती, आईबाप होते, मित्र होते. प्रेम हवंच, पण ते पुरेसं ठरलं नाही, हे या आकड्यापुढे मान्य करावं लागतं.

दुसरा आक्षेप, बोलून काय होणार? हा विचारायलाच हवा असा प्रश्न आहे, आणि मानसशास्त्राने तो स्वतःला कठोरपणे विचारलेला आहे. 2004 मध्ये अमेरिकेत 439 नैराश्यग्रस्त किशोरवयीन मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना फक्त औषध, काहींना फक्त बोधात्मक वर्तनोपचार म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची पद्धतशीर थेरपी, काहींना दोन्ही, तर काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. बारा आठवड्यांनी दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलांत सुधारणा दिसली. नुसत्या औषधाने हे प्रमाण 61 टक्के होतं, नुसत्या थेरपीने 43 आणि निष्क्रिय गोळीने 35. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत एकटी थेरपी निष्क्रिय गोळीच्या फारशी पुढे गेली नाही, आणि संशोधकांनी ते जसंच्या तसं छापलं. छत्तीस आठवड्यांनी मात्र थेरपीवाल्या गटाने औषधवाल्या गटाला गाठलं होतं. दोन्हीकडे 81 टक्के.

आपल्या बाजूचं अपयशही जे शास्त्र चारचौघांत मांडतं, त्याच्यावर विश्वास ठेवायला जागा असते. याच अभ्यासातून रोजच्या व्यवहाराचा एक नियमही निघतो. मानसशास्त्रज्ञ औषधं लिहून देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञाचं काम. नैराश्य तीव्र असताना ‘औषधं नकोत, माझी थेरपी पुरे’ असं सांगणारा मानसशास्त्रज्ञ रुग्णाचं नुकसान करतो. योग्य वेळी दुसऱ्याकडे पाठवणं हा त्याच्या कौशल्याचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप शिक्क्याचा. चाचणी म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. चौथीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. गोष्ट ऐकली की खडान्‌खडा सांगतो. वहीत मात्र ‘प्रकाश’चा ‘परकाश’ आणि ‘सूर्य’चा ‘सुरय’ लिहितो. फळ्यावरचं उतरवून घेताना तास संपतो. आधी त्याचे डोळे आणि कान तपासले जातात, कारण दिसण्या-ऐकण्यातला दोषही असाच वेष घेऊन येतो. मग मानसशास्त्रज्ञ त्याच्यापुढे रंगीत ठोकळे ठेवून चित्रातला नमुना जुळवायला सांगतात. आंबा आणि केळं यांत सारखं काय, असं विचारतात. ऐकलेले अंक उलट्या क्रमाने म्हणून घेतात. नंतर वाचन, शुद्धलेखन आणि गणित स्वतंत्रपणे तपासतात. मुलगा कुठे अडतो, अडल्यावर सोडून देतो की पुन्हा हात घालतो, केव्हा थकतो, याचीही नोंद होते. शेवटी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या जातात: बुद्धी वयाला साजेशी किंवा त्याहून वर, आणि वाचन-लेखन दोन-तीन इयत्ता मागे. या फरकातून अध्ययन अक्षमता दिसून येते.

आता सांगा, शिक्का कुणी मारला? ‘आळशी’, ‘मठ्ठ’, ‘कामचुकार’ हे शिक्के त्या मुलावर चाचणीच्या आधीच बसले होते. चाचणीने ते पुसले आणि त्यांच्या जागी उपाय दाखवला. 1996 साली महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. वाढीव वेळ आणि लेखनिक हे त्या मुलाचे हक्क आहेत, आणि निदानाशिवाय ते त्याला मिळू शकत नाहीत.

चाचण्यांचा गैरवापर झाला आहे, हे मात्र खरं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे मत त्यांना मान्य नव्हतं. त्याच चाचण्या पुढे अमेरिकेत स्थलांतरितांना कमी लेखायला वापरल्या गेल्या. दोष वापरणाऱ्यांचा होता, आणि त्यावरचा उपाय चाचणी अधिक न्याय्य करण्यात आहे. तो आपल्याकडे झालाही आहे. व्ही. व्ही. कामतांनी बिनेंची श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली आणि तिच्यावरचं पुस्तक 1940 मध्ये प्रसिद्ध केलं. भारतीय मुलांसाठीची मालिन यांची श्रेणी 1969 मध्ये नागपुरातून आली. अलीकडे वाचनदोष हेरण्यासाठी मराठीतली साधनंही तयार झाली आहेत. मग घरी मराठी, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची तपासणी फक्त इंग्रजीतून होत असेल, तर पालकांनी तिथेच हरकत घ्यावी. अशा तपासणीतून मुलाची बुद्धी कळत नाही, फार तर त्याचं इंग्रजी कळतं.

चौथा आक्षेप, हे पाश्चात्त्य आणि श्रीमंतांचं. त्याला गोव्याने उत्तर दिलं आहे. तिथल्या संगत या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसिक आरोग्याचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. नैराश्याने अंथरुणाला खिळल्यासारख्या झालेल्या माणसासोबत बसून ते रोजची छोटी कामं ठरवत आणि पुढच्या भेटीत त्यांचा हिशोब घेत. आठवडाभरात काय जमलं? काय राहिलं? आड काय आलं? अशा सहा ते आठ भेटी. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत थोडी भर घातलेल्या दुसऱ्या गटात हेच प्रमाण 39 टक्के होतं.

यावर कुणी म्हणेल, मग साधी माणसंच हे करू शकतात, तज्ज्ञ हवेत कशाला? हवेत, कारण पद्धत तज्ज्ञांनी बसवली, प्रशिक्षण त्यांनी दिलं आणि कामाचा दर्जाही सतत तपासला गेला. समुपदेशकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांना गुण दिले जात. या शिस्तीमुळेच ती चर्चा उपचार ठरली.

आता बाजारात चाललेल्या फसवणुकीविषयी बोललं पाहिजे, कारण मानसशास्त्राच्या बदनामीचं मोठं कारण तीच आहे. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ नावाच्या चाचण्या शाळांमधून आणि शिकवणीवर्गांतून विकल्या जातात. बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पुढे मूल काय शिकलं, कुणाच्या सहवासात वाढलं, कशाला घाबरलं, यातलं काहीही त्यांत उमटत नाही. 2019 मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं. तरीही चकचकीत अहवाल हातात पडला की पालक भुलतात. ज्या कसोटीवर थेरपी उतरते त्याच कसोटीवर ठशांचा हा धंदा कोसळतो. म्हणून पडताळ्याचा आग्रह दोन्हीकडे सारखाच धरायचा.

तो धरायचा कसा? चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. 1992 च्या कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली. नोंदणी क्रमांक मागा, आणि तो विचारताना संकोच करू नका. कोणती चाचणी करणार, कोणत्या भाषेत आणि कशासाठी, हे आधी समजून घ्या. अहवाल नुसता हातात न देता समजावून सांगणार का, ते विचारा. थेरपीचं उद्दिष्ट काय आणि सुधारणा होते आहे हे कशावरून ओळखायचं, हेही पहिल्या दोन-तीन भेटींतच ठरवून घ्या. चांगल्या मानसशास्त्रज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.

पण एकेका पालकाच्या सावधपणाने हा प्रश्न सुटणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे आणि त्याच्या पथकात मानसशास्त्रज्ञाची जागा आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2016 मध्येच दाखवून दिलं की वेगवेगळ्या मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमण्याचे निर्देश दिले. कायदा आहे, निर्देश आहेत, पद्धत सिद्ध झालेली आहे. कमी आहे ती मागणीची. रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी आपण निवेदनं देतो. मुलांच्या मनासाठी अजून दिलेली नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीत उभं राहून विचारा: आपल्या शाळेत प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ कोणत्या तारखेपासून येणार? आणि उत्तर लेखी मागा.