नगरची गाडी आणि वाळूची भिंत



अहिल्यानगरच्या व्हीआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेत, टाटांच्या साथीने घडलेली आठ चाकी चिलखती गाडी आता मोरोक्कोत तयार होते. सप्टेंबर 2025 मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी कासाब्लांकाजवळच्या बेरेशिद इथे कारखान्याचं उद्घाटन केलं. संरक्षण सहकार्याचा करारही झाला. नगरकरांना अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मोरोक्कोच्या मैत्रीला आमचा विरोध नाही. डीएपी खताचं पोतं ज्या फॉस्फेटवर भरतं, त्याचा जगातला सर्वांत मोठा साठा त्यांच्याकडे आहे. उत्तर आफ्रिकेतलाच लिबिया फुटला, मोरोक्को टिकला, हेही खरं.

पण हे स्थैर्य कोणाच्या जिवावर?

मोरोक्कोच्या दक्षिणेला लागून असलेल्या पश्चिम सहारात मोरोक्कोने उभारलेली वाळू-दगडांची सुमारे 2700 किलोमीटर लांब लष्करी भिंत आहे. तिच्या कडेने सुरुंग पेरलेत. हा प्रदेश स्पेनची वसाहत होता; 1975 मध्ये स्पेनने पाय काढता घेतला आणि मोरोक्को आत शिरला. तिथले हजारो रहिवासी, म्हणजे सहारावी, अल्जीरियात तिंदूफजवळच्या छावण्यांत पळाले. तिथे आता नातवंडं वाढताहेत. सहारावी आणि मोरोक्को यांच्यातला 1991 चा युद्धविराम झाला तो एका वचनावर: स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं, हे सहारावी मतदानाने ठरवतील. त्यासाठी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाच्या नावातच 'सार्वमत' आहे. ते मतदान आजवर झालेलं नाही. उलट ऑक्टोबर 2025 मध्ये सुरक्षा परिषदेने मोरोक्कोची स्वायत्ततेची योजनाच वाटाघाटींचा पाया मानली. पश्चिम सहारातल्या बू-क्रा खाणीतलं फॉस्फेट मात्र सुमारे शंभर किलोमीटरच्या सरकत्या पट्ट्यावरून समुद्राकडे जातच आहे.

भारताने 1985 मध्ये सहारावींनी घोषित केलेल्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 मध्ये ती काढून घेतली.

सहारावींना मतदान नाकारलं जाणं मराठी माणसाला तरी झोंबायला हवं. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात यावा म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांनी जिवाचं रान केलं होतं. गोवेकर नाही म्हणाले, आणि तो निकाल आपण मानला. ज्यांची भूमी त्यांना विचारायचं, ही रीत आपण स्वतः पाळली आहे.

बेरेशिदच्या गाड्या त्या भिंतीवर जाणार नाहीत, अशी अट करारात आहे का? बू-क्राचं फॉस्फेट आपल्या पोत्यात येतं का? आपल्या खासदाराला आजच पत्र लिहा आणि हे दोन प्रश्न संसदेत विचारायला लावा.