हलका लॅपटॉप आणि जड थापा

डॉक्टर माणूस लग्नात जेवायला बसला की शेजारचे काका हळूच पाठदुखीचा विषय काढतात. सॉफ्टवेअरवाल्याचं तसंच असतं. फक्त पाठदुखीच्या जागी प्रश्न येतो, "अरे, पन्नास-साठ हजारांत ऑफिसच्या कामाला एखादा हलकासा लॅपटॉप सुचव ना."

प्रश्न अगदी रास्त आहे. विचारणारा गेम खेळणार नसतो, सिनेमा एडिट करणार नसतो. त्याला एक्सेल, मेल, ब्राउझरमधले पंचवीस टॅब, दिवसाला दोन-तीन व्हिडिओ कॉल आणि डोंबिवली लोकलमध्ये खांद्याला झेपेल असं वजन हवं असतं. एवढंच. आणि नेमक्या याच माणसाला उपयोगी पडेल असं परीक्षण शोधायला बसलं की हाती काय लागतं? चकचकीत झाकणाचे फोटो, सिनेबेंचचे आकडे आणि शेवटी "व्हॅल्यू फॉर मनी" असं एक गुळमुळीत वाक्य. माझं सरळ म्हणणं आहे की मधल्या किमतीच्या हलक्या लॅपटॉपची आपल्याकडची बहुतेक परीक्षणं चुकीच्या गोष्टी मोजतात, आणि त्याचा भुर्दंड हप्त्यावर लॅपटॉप घेणाऱ्या, नोकरीत नुकत्याच लागलेल्या पोरापोरींना पडतो.

आता मुद्द्यांवर येऊ.

वेग नक्की कुणाचा मोजता?

सिनेबेंच हा प्रोग्राम त्रिमितीय चित्र रेंडर करून प्रोसेसरची ताकद मोजतो. उत्तम प्रोग्राम आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जीएसटीचं रिटर्न भरणारा माणूस दिवसातून किती वेळा त्रिमितीय चित्र रेंडर करतो?

दुसरी गंमत. इंटेलचा कोअर आय५-१२३५यू घ्या. त्याची मूळ पॉवर १५ वॅट आणि टर्बोतली कमाल ५५ वॅट. म्हणजे थोड्या वेळासाठी तो जवळपास चौपट वीज खाऊन सुसाट पळतो, मग तापतो आणि मुकाट्याने खाली येतो. पातळ लॅपटॉपमध्ये एकच छोटा पंखा, एकच तांब्याची नळी. बेंचमार्क एकदाच चालवला तर तुम्ही मोजता तो या शर्यतीचा पहिला अर्धा मिनिट. एप्रिलच्या पुण्यात, एसी बंद पडलेल्या खोलीत, तासभर चाललेल्या कॉलमध्ये स्क्रीन शेअर करताना काय होतं ते त्या आकड्यात कुठेच नसतं.

आणि खरं सांगायचं तर ऑफिसच्या कामाला गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा प्रोसेसर पुरतो. आय३-१२१५यू सुद्धा. १६ जीबी रॅमचा आय३ हा ८ जीबी रॅमच्या आय७ पेक्षा ऑफिसात जास्त सुखाने चालतो. दुकानदार हे सांगणार नाही, कारण स्टिकरवरचा ७ हा आकडा ३ पेक्षा महाग विकला जातो.

नावांची बनवाबनवी

स्टिकरचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ५ ७५२०यू नावाचा प्रोसेसर काढला. नावावरून वाटतं, ७००० मालिका म्हणजे ताजा माल. आत आहे झेन २, म्हणजे २०१९ मध्ये आलेली रचना. शेजारच्याच ७५३०यू मध्ये झेन ३, आणि ७६४०यू मध्ये झेन ४. गुपित तिसऱ्या आकड्यात आहे. हे ग्राहकाने ओळखायचं कसं? म्हणे कंपनीने तक्ता प्रसिद्ध केला होता. वा! भाजीवाल्याने शिळी मेथी ताज्या जुडीत बांधायची आणि वर सांगायचं, मागे पाटीवर लिहिलंय ना.

इंटेलने २०२३ च्या डिसेंबरात यावरून एएमडीची जाहीर टिंगल केली आणि थोड्याच दिवसांत ती टिंगल गुपचूप काढूनही टाकली. काढणं शहाणपणाचंच होतं, कारण स्वतः इंटेलने २०२४ च्या सुरुवातीला जो 'कोअर ५ १२०यू' आणला, तो मुळात आधीच्याच पिढीचा नव्या नावाने आलेला अवतार होता. दोघेही एकाच माळेचे मणी. परीक्षण लिहिणाऱ्याचं पहिलं काम हे कपडे उतरवून दाखवण्याचं. ते सोडून "लेटेस्ट ७००० सीरिज प्रोसेसर" असं प्रेसनोटमधलं वाक्य जसंच्या तसं छापलं जातं.

खरी गोम: रॅम

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. आठ जीबी रॅम, तीही बोर्डावर सोल्डर केलेली, आणि दुसरा स्लॉट नाही. हा लॅपटॉप घेतलात की ज्या दिवशी घेतलात त्या दिवशीच त्याचं आयुष्य ठरून गेलं.

हिशोब साधा आहे. विंडोज ११ आणि अँटीव्हायरस सुरू होऊन बसेपर्यंत तीन-साडेतीन जीबी गेली. त्यातूनच थोडी मेमरी ग्राफिक्सला जाते, कारण या लॅपटॉपांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. उरलेल्यात ब्राउझर, टीम्स आणि एक्सेल. मेमरी संपली की विंडोज एसएसडीवर पानं लिहायला लागतं आणि कॉल चालू असताना माऊस अडखळायला लागतो. लोक म्हणतात, "प्रोसेसर स्लो आहे." प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही यातून सोडायचं कारण नाही. साधं चॅटचं ॲप लिहायचं तर त्यात अख्खा ब्राउझर भरून पाठवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. लिहिणाऱ्याच्या टेबलावर ३२ जीबीचं मशीन, वापरणाऱ्याकडे ८ जीबीचं. मायक्रोसॉफ्टला २०२३ मध्ये टीम्स नव्याने बांधावं लागलं, आणि तेव्हा त्यांनी जाहिरात काय केली? नवं टीम्स निम्मी मेमरी खातं! म्हणजे आधीचं दुप्पट खात होतं, हे त्यांनीच सांगितलं.

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी एका नामवंत कंपनीचा १.३ किलोचा लॅपटॉप घेतला. परीक्षणांत साडेचार तारे. वर्षभरात तो रडायला लागला. पुण्यात तपकीर गल्लीत घेऊन गेलो. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, पाच सेकंद बघितलं आणि परत बंद केलं. "साहेब, यात काही टाकता येत नाही. बोर्डच बदलावा लागेल." बोर्डाची किंमत ऐकून भाऊ गप्प झाला. अजून चार हप्ते बाकी होते. मी घरी येऊन ती सगळी परीक्षणं पुन्हा वाचली. रॅम सोल्डर केलेली आहे, हे सहापैकी एकाच परीक्षणात होतं, तेही तक्त्याच्या तळाशी.

मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही असं समजू नका. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी'ची अट ठेवली किमान १६ जीबी. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवातच त्याच किमतीत १६ जीबीपासून केली. म्हणजे ८ जीबीचे दिवस भरले, हे विकणाऱ्यांनीच मान्य केलंय. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओरबाडायला सुरुवात केली, भाव कडाडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी स्लॉट असणं जास्तच महत्त्वाचं. आज परवडत नसेल तर ८ जीबी घ्या, पुढे भाव उतरले की वाढवा. सोल्डर केलेल्या बोर्डावर ही सोयच नाही.

"पातळ हवा तर सोल्डर करावंच लागतं," असा एक ठरलेला युक्तिवाद येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. एलपीडीडीआर प्रकारची मेमरी वीज कमी खाते आणि प्रोसेसरच्या जवळ बसवावी लागते, हे खरं. पण लेनोवोने २०२४ च्या थिंकपॅड टी१४ जेन ५ मध्ये दोन स्लॉट दिले, आणि तो काही पाट्यासारखा जड झाला नाही. आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी १० पैकी ९ गुण दिले. ते मशीन महाग आहे, मान्य. पण स्लॉट हा त्यातला महाग भाग नव्हे. आणि कमी वीज खाणारी मेमरी बदलता यावी म्हणून एलपीकॅम२ नावाचं मोड्यूलही २०२४ पासून लॅपटॉपांत आलेलं आहे. तेव्हा "करता येत नाही" असं म्हणू नये. करायचं नाही, असं म्हणावं.

वजन: चार्जरसकट बोला

जाहिरातीत १.३ किलो. बॅगेत? चार्जर, त्याची तीन पिनांची जाडजूड वायर, एचडीएमआयचा डोंगल. झाले १.७ किलो. चार्जिंग टाइप-सी वरून होत असेल तर एक छोटा ६५ वॅटचा चार्जर लॅपटॉप आणि फोन दोघांना पुरतो, आणि तो विसरलात तर शेजारच्या टेबलावरचा चालतो. गोल पिनवाला असेल तर विसरलात की दिवस संपला. युरोपियन युनियनने लॅपटॉपना टाइप-सी सक्तीचं करायला २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. किती परीक्षणांत लॅपटॉप चार्जरसकट काट्यावर ठेवलेला असतो? आमच्या कोपऱ्यावरचा वाणी साखरसुद्धा काट्यावर घालून दाखवतो हो.

बॅटरीचंही तेच. "१० तास" हा आकडा बहुधा मंद उजेडावर सलग व्हिडिओ चालवून काढलेला. तुम्ही वॅट-अवर बघा. ४२ वॅट-अवरची बॅटरी असेल आणि मशीन ७ वॅट खात असेल तर ६ तास. व्हिडिओ कॉलवर तेच मशीन १४ वॅट खायला लागलं तर ३ तास. भागाकार चौथीतला आहे, पण तो करून दाखवायला कुणाला वेळ नाही.

डोळे आणि बोटं

दिवसाचे आठ तास तुम्ही प्रोसेसरकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघता. या किमतीत सर्रास २५० निट्स आणि '४५ टक्के एनटीएससी' असा पॅनल देतात. काचेच्या भिंतीच्या ऑफिसात खिडकीजवळ बसलात की त्यात स्वतःचा चेहरा छान दिसतो, एक्सेल नाही :-) ३०० च्या खाली घेऊ नये. १९२० बाय १२०० मिळत असेल तर १०८० पेक्षा उंचीला १२० पिक्सेल जास्त मिळतात, म्हणजे एक्सेलच्या पाच-सहा ओळी. कामाच्या दृष्टीने हा आय५ आणि आय७ मधल्या फरकापेक्षा मोठा फरक आहे.

कीबोर्डवर होम आणि एंड स्वतंत्र आहेत की एफएन दाबून काढायचे? पॉवरचं बटण डिलीटला खेटून तर नाही ना? हिशोबाचं काम करणाऱ्याला हे दिवसातून शंभरदा बोचतं. परीक्षणात मात्र लिहिलेलं असतं, "टायपिंगचा अनुभव समाधानकारक." समाधान कुणाचं?

"एवढ्या पैशात एवढंच मिळणार"

हा शेवटचा आणि सगळ्यात लाडका आक्षेप. दोन-तीन वर्षांनी बदलायचाच असतो, मग कशाला चिकित्सा? तर साठ हजार ही रक्कम, पंचवीस हजार पगारावर लागलेल्या पोरासाठी, जवळजवळ अडीच महिन्यांची कमाई आहे. "बदलायचाच असतो" हे ज्याला कंपनी दर तीन वर्षांनी मशीन देते त्याने म्हणावं. छोट्या सीए फर्ममध्ये, कोचिंग क्लासमध्ये, नव्या स्टार्टअपमध्ये लोक स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात, आणि तो पाच-सहा वर्षं चालावा हीच त्यांची अपेक्षा असते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मदत संपली तेव्हा धडधाकट मशीनं केवळ विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत म्हणून मोडीत निघाली. त्यात रॅमसाठी बाद होणाऱ्यांची भर आपण हौसेने का घालायची?

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचा गुणांक दहापैकी किती, ते विकताना छापावं लागतं. आपल्याकडे तसं छापून येईपर्यंत दुकानात उभं राहून आपणच विचारायचं:

- रॅमला स्लॉट आहे का? असल्यास रिकामा आहे का?
- स्क्रीन किती निट्सची?
- बॅटरी किती वॅट-अवरची, आणि स्क्रू काढून बदलता येते का?
- टाइप-सी वरून चार्ज होतो का?
- चार्जरसकट वजन किती?
- प्रोसेसरचं पूर्ण नाव काय? (आय५ हे आडनाव झालं, नाव नव्हे.)

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "८ जीबी, स्लॉट नाही" असं आलं तर बाकीचे विचारू नका. नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. विकणाऱ्याने कितीही सांगितलं की "सर, हे मॉडेल सध्या फार चालतंय", तरी. चालतंय, कारण कुणी विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही, कारण ज्यांनी विचारायला शिकवायचं ते सिनेबेंच चालवत बसलेत.