काखेत कळसा

मंडळी, आजचा विषय तीन शब्दांचा आहे : 'कमांड नॉट फाउंड'.

एनपीएमने एखादं पॅकेज 'ग्लोबल' टाकायचं, म्हणजे इन्स्टॉल करताना '-जी' लावायचं. सगळं नीट झालं म्हणून मेसेज येतो. मग ऐटीत पॅकेजचं नाव टाईप करून एंटर मारायचा, आणि समोर हे तीन शब्द! यावर आपल्याकडे तीन रामबाण उपाय आहेत. पुन्हा इन्स्टॉल कर, सुडो लावून इन्स्टॉल कर, नाहीतर मशीन रीस्टार्ट कर. माझं स्पष्ट मत आहे की हे औषध भलत्याच रोगावरचं आहे.

कारण पॅकेज हरवलेलं नसतंच. ते डिस्कवर सुखाने नांदत असतं. शेलला फक्त त्याचा पत्ता माहीत नसतो. आपण कमांड टाईप केली की शेल 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमधली फोल्डरांची यादी ओळीने बघते. पहिल्या फोल्डरात त्या नावाची फाईल नाही, दुसऱ्यात बघ, तिसऱ्यात बघ. यादी संपली की हात वर. यादीबाहेर ती एक पाऊलही टाकत नाही. काखेत कळसा असतो, आणि गावाला वळसा आपण घालतो. ही पद्धत काही नवी नाही, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतली बोर्न शेलसुद्धा असंच शोधायची.

खरी गडबड 'ग्लोबल' या शब्दात आहे. वाटतं की आता सगळ्या मशीनला कळलं. प्रत्यक्षात ग्लोबल म्हणजे दुसरं एक फोल्डर, बस्स! एनव्हीएम वापरत असाल तर नोडच्या प्रत्येक व्हर्जनचं हे फोल्डर वेगळं असतं. व्हर्जन बदललं की कालची कमांड आज 'नॉट फाउंड' होते ती यामुळेच.

मग करायचं काय? 'एनपीएम प्रीफिक्स -जी' चालवा, ते फोल्डर कळेल. लिनक्स आणि मॅकवर त्याच्या आतल्या 'बिन' मध्ये कमांड असते, विंडोजवर थेट त्याच फोल्डरात. आता पाथ छापून बघा. हे फोल्डर त्यात नसेल तर रोग सापडला. ते पाथमध्ये जोडा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. एक मेख मात्र आहे. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकची डीफॉल्ट शेल झेडशेल आहे, आणि जुन्या सल्ल्यांत 'बॅश प्रोफाईल' मध्ये ओळ टाका असं लिहिलेलं असतं. झेडशेल ती फाईल वाचतच नाही! ओळ 'झेडएसएचआरसी' मध्ये टाकायची. पायथनचं पिप, रस्टचा कार्गो, गो... सगळीकडे हीच कथा, फक्त फोल्डरचं नाव वेगळं.

आता सुडोबद्दल. 'परमिशन नाही' म्हटलं की सुडो लावायचा ही सवय मला सगळ्यात धोक्याची वाटते. पॅकेज इन्स्टॉल होताना त्यातला कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो, आणि तो कोणी लिहिला हे आपण बघत नाही. अशा वेळी घराच्या सगळ्या किल्ल्या कशाला द्यायच्या? फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएम ५.७.० मध्ये असा बग होता की सुडोने चालवल्यावर सिस्टिमच्या फोल्डरांची मालकीच बदलत होती. ५.७.१ ने तो दुरुस्त केला, पण ज्यांची मशीन्स बसली ती बसली. त्यापेक्षा एनव्हीएम वापरा, किंवा प्रीफिक्स आपल्या होम फोल्डरात ठेवा. सुडोची गरजच उरत नाही.

हे सगळं दहा मिनिटांत शिकवून होतं. आणि आम्हाला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत राउंड रॉबिन शेड्युलिंगची गणितं डझनावारी सोडवायला लावली, पण पाथ म्हणजे काय हे कोणी सांगितलं नाही. जावाच्या लॅबमध्ये 'ही ओळ त्या खिडकीत पेस्ट करा' एवढंच. पेस्ट का करायची, हे विचारायची सोय नव्हती. त्याचं फळ असं की नवीन आलेली हुशार पोरं या तीन शब्दांसमोर अर्धा दिवस घालवतात, आणि वर 'मलाच जमत नाहीये' असं समजून गप्प बसतात. वाईट याचं वाटतं. अर्धा दिवस गेला तर भरून काढता येतो, पण आत्मविश्वास एकदा गेला की परत आणणं अवघड.

म्हणून सीनियर मंडळींना एक विनंती. कोणी हा एरर घेऊन आलं तर कीबोर्ड ओढून घेऊन स्वतः दुरुस्त करू नका, आणि चॅटवर एक ओळ फेकून मोकळेही होऊ नका. दोनच प्रश्न विचारा. "फाईल कुठे आहे? आणि शेल कुठे शोधतेय?" उत्तर त्याचं त्यालाच मिळेल, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येणार नाही.

असो. सोमवारी ऑफिसात करून बघा!