इराण्याची खुर्ची आणि 'वारसा' नावाचा माल (धागा)

मुंबई-पुण्यात 'जुन्या इराणी हॉटेलासारखी' उपाहारगृहे निघत आहेत. चौकटीची फरशी, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, मुद्दाम पिवळट केलेली छायाचित्रे आणि दाराशी 'वारसा' हा शब्द. माझा आक्षेप सजावटीला नाही, त्या शब्दाला आहे.

खुर्चीच घ्या. मिखाएल थोनेट यांच्या व्हिएन्नातील कंपनीची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ची. लाकूड वाफेवर वाकवून केलेले अवघे सहा भाग. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणजे आजची प्लॅस्टिकची खुर्चीच म्हणा ना! इराण्याने त्या वळणाची खुर्ची घेतली ती हलकी आणि टिकाऊ म्हणून. संगमरवर एका फडक्यात पुसला जातो म्हणून. आरसे जागा मोठी दिसावी आणि गल्ल्यावरून सगळीकडे नजर राहावी म्हणून. गतकाळाची हुरहुर त्यात तसूभरही नव्हती. ती हॉटेले आपल्या काळात आधुनिक होती.

मग जुने काय होते? बाहेरचा समाज. बॅलार्ड इस्टेटचे 'ब्रिटानिया' १९२३चे. त्याच वर्षी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव कागदावर राहिला. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पाण्याच्या पेल्यावरही जात मोजणाऱ्या त्या काळात अनोळखी माणसाच्या शेजारी बसून चहा पिणे ही लहान गोष्ट नव्हती. इराण्याला समाजक्रांती करायची नव्हती, धंदा करायचा होता, हे मान्य. पण त्या धंद्याला गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी असे सगळेच हवे होते, आणि चहा त्यांच्या खिशाला परवडत होता.

आजच्या नकलेत खुर्ची आली, तो खिसा मात्र दाराबाहेर राहिला.

सर्वांत खटकतात त्या नियमांच्या पाट्या. 'उगाच बसू नये' या धर्तीचे नियम आता गंमत म्हणून रंगवून घेतात. मूळ पाटीला अर्थ होता, कारण एका कपावर तासन्‌तास बसणारे गिऱ्हाईक खरोखर येत असे आणि मालक त्याच्याशी रोज हुज्जत घालत असे. आता दरपत्रक पाहूनच तो माणूस माघारी वळतो. मग ती पाटी बजावते कोणाला?

अशा ठिकाणी गेलात तर एकच विचारा : फक्त चहा घेऊन तासभर बसलो तर चालेल का? नाही म्हणाले, तर दारावर 'सजावट' असे लिहायला सांगा.